इंजिनाच्या तालाबाहेरचा ठोका

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी हे भीतीनं नाही, रागानं लिहितेय. या फोरमवरचे बाकीचे अनुभव वाचले. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला रिकाम्या घरातून हाक येते... मला असलं काही कधी दिसलं नाही आणि दिसावं अशी हौसही नव्हती. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई आहे. रायपूरला शंकर नगरमधल्या एका सरकारी ऑफिसात पंप-मोटारींच्या दुरुस्तीची कामं बघते. यंत्र आवाज करत असेल तर त्याला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर शोधणारा कमी पडला, असं माझं मत होतं. अजूनही आहे. फक्त एका ठिकाणी ते लागू पडत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो.

गोष्ट गेल्या दिवाळीनंतरची. माझं माहेर रायपुरातच, तात्यापाऱ्यात (पारा म्हणजे आमच्याकडे मोहल्ला). तिथे आई-बाबा आणि धाकटा भाऊ नंदू राहतात. बाबा रेल्वेतून रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात कधीमधी हलतो, पण सांगून हलत नाही. डोळे उघडे असतात, पण ते आपल्याकडे बघताहेत की भिंतीकडे, कळत नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतं ते सांगता येत नाही. आमच्या नातेवाइकांनी त्याचा अर्थ लावला — काहीच समजत नाही. झालं! तेव्हापासून लोक त्यांच्या खाटेशेजारी बसून त्यांच्याच आजाराची, औषधांची, ‘यातून सुटले तर बरं’ची चर्चा करतात. खोलीत कपाट असावं तसे बाबा.

आता गाडी. बाबांची मोटारसायकल माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. काळी, एका सिलिंडरची, जड. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर खाली तुमची भांडणं सुरू होतील. बाबा आजारी पडल्यापासून ती पुढच्या बोळीत जिन्याखाली उभी होती. नंदू आठवड्यातून एकदा चालू करून ठेवायचा, तेवढंच.

राज्य वेगळं झाल्यापासून आमचं शहर भोपाळहून आलेल्या साहेबलोकांनी भरून गेलंय. त्यातल्याच एका साहेबांना जुन्या गाड्यांचा शौक. त्यांची बदली जगदलपूरला झाली होती आणि ही गाडी विकत घेऊन, स्वतः चालवत तिकडे न्यायची असं त्यांच्या मनात होतं. माणूस सज्जन होता, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार नंदूबद्दल. हा सगळा सौदा त्यानं बाबांच्या खाटेशी उभं राहून केला! साहेबांनीच जरा संकोचून विचारलं, पिताजींना चालेल ना? तर आमचे चिरंजीव म्हणतात, “उनको अब क्या समझता है, साहब.”

मी चहा घेऊन दारातच उभी होते. साहेब गेल्यावर मी तोंड सोडलं. नंदू म्हणाला, “ताई, तू काहून चिडून राहिली? गाडी नुसती गंजून राहिली. बाबा का आता चालवणार हायेत?”

मुद्दा चालवण्याचा नव्हताच. विचारण्याचा होता. पण ते त्याच्या डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहेबांना द्यायच्या आधी गाडी धुऊन-पुसून ठेवू म्हणून नंदूनं किक मारली, आणि इंजिनातून ठोका येऊ लागला. टक-टक... मग जरा थांबून पुन्हा टक-टक... त्यानं मला फोन केला. मी चौबे कॉलोनीतल्या माझ्या घरून स्कूटरवर पोचले.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या आत काही झिजलं, ढिलं झालं की ते ठोकायला लागतं. पण ते इंजिनाच्या तालातच ठोकणार. तुम्ही अॅक्सिलरेटर पिळला, इंजिन भराभर फिरायला लागलं, की ठोकाही भराभर व्हायला हवा. दुसरा इलाजच नाही त्याला. मी अॅक्सिलरेटर पिळला. इंजिन धावायला लागलं... आणि ठोका आपला तस्साच! टक-टक, थांबा, टक-टक, थांबा. घाई नाही, गडबड नाही.

मी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. आवाज आतूनच येत होता. शंकाच नको. मला भीती वाटायला हवी होती म्हणे — मला अपमान वाटला. तोंडावर कुणी खोटं बोलावं तसं.

गाडी ढकलत इरफान भैयाच्या गॅरेजला नेली. जुन्या गाड्यांसाठी आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जातो. आधी त्यांना पेट्रोलमधल्या भेसळीचा संशय आला, म्हणून टाकी रिकामी करून दुसरं पेट्रोल भरलं. मग टायमिंग बघितलं, व्हॉल्व्ह लावले. ठोका कायम. शेवटी इंजिन उघडलं. पिस्टन चांगला, पिन चांगली, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग चांगलं. सगळं मी स्वतःच्या हातानं हलवून बघितलं. पुन्हा बसवलं, किक मारली — टक-टक.

इरफान भैया हात पुसत स्टुलावर बसले. मग मलाच रागवल्यासारखे म्हणाले, “दीदी, ये आवाज इंजन की है ही नहीं. और आ इंजन से ही रही है. अब आप ही बताओ, मैं क्या खोलूँ?”

गाडी पुन्हा घरी आणली. तोवर बातमी पाऱ्यात फिरली होती. एक काकू लिंबू-मिरची घेऊन हजर! हँडलला बांधायला. म्हणाल्या, भाऊजींचा जीव गाडीत अडकलाय. मी ते लिंबू घेऊन सरळ नालीत फेकलं. म्हटलं, काकू, जीव अडकायला आधी तो जावा लागतो. माझे बाबा आत वरण-भात जेवताहेत. जिवंत माणसाचं भूत करायला तुम्हाला लाज नाही वाटत? काकू रुसून गेल्या, अजून बोलत नाहीत. नाही तर नाही.

मग नंदूनं आपलं डोकं चालवलं. त्याचं म्हणणं, बाबाच डाव्या हातानं खाटेवर ठोकत असतील आणि तो आवाज बोळीतून घुमत असेल. म्हणजे बघा — सौद्याच्या दिवशी ज्यांना काहीच समजत नव्हतं, ते आता आमची गंमत करताहेत! आणि इरफान भैयाच्या गॅरेजमध्ये खाट कुठून आली, हे त्यानं सांगितलं नाही. तरी म्हटलं, बघून टाकू. त्यानं बाहेर गाडी चालू केली, मी आत गेले.

आई खाटेवर बसून बाबांना तेल लावत होती. बाबांचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते, अगदी निपचित. बोटसुद्धा हलत नव्हतं. आणि बाहेरून ठोका स्पष्ट येत होता.

आईनं मान वर केली आणि भाजीला काय आणलं ते विचारावं इतक्या सहज म्हणाली, “हे तर ह्यायचं गाडी तपासणं होय.”

मी म्हटलं, काय तपासणं?

बाबांचं रेल्वेतलं काम डबे तपासायचं. आगगाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोके मारत जायचं. धड चाक खणखणीत वाजतं, तडा असला तर भद्द आवाज येतो. लग्न होऊन आई नवी नवी आली तेव्हा ती यार्डाजवळच्या क्वार्टरमध्ये दिवसभर हेच ऐकायची. एका चाकावर दोन ठोके, पुढच्या चाकापर्यंत चालायला लागणारा वेळ, पुन्हा दोन ठोके. बाबा कामावर आहेत हे तिला त्या आवाजावरून कळायचं.

मी चिडूनच विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? इंजिन उघडून बसलो आम्ही!

“मले कोणी विचारलं?” आई म्हणाली. “मी त्यायच्याशी रोज बोलतो. तुमालेच वाटते का त्यायले समजत नाही म्हून.”

मी बाहेर जाऊन नंदूला गाडी बंद करायला सांगितली.

मग मला आठवलं. गाडी गावाबाहेर न्यायची असली, मग ते राजीम असो की डोंगरगड, की बाबा आदल्या दिवशी छोटी हातोडी घेऊन तिला पुढपासून मागपर्यंत ठोकून बघायचे. त्याशिवाय ते गाडी पाऱ्याबाहेर काढत नसत. आम्ही हसायचो. आणि ही गाडी तर जगदलपूरला निघाली होती. आम्ही सगळे शहाणे आवाजाचा आजार शोधत होतो. तो आजार नव्हताच, ती तपासणी होती.

मी हातोडी शोधली. मागच्या चाकापासून सुरुवात केली. नंदू कमरेवर हात ठेवून बघत होता. चाकं, आस, पुढचं चाक धरणारा चिमटा, सगळं खणखणीत. मग टाकी उतरवली आणि हँडलखाली, जिथे चेसिसचे नळ एकत्र येतात, तिथे ठोकलं. भद्द. पुन्हा ठोकलं. भद्द.

वरून रंग शाबूत होता. तो खरवडला, रॉकेल लावलं, पुसून घेतलं आणि वर टाल्कम पावडर मारली. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू पावडरीवर उमटतं. उमटलं. काळी, वाकडी रेघ, जवळजवळ अर्ध्या वेढ्याची. तिथून गाडी तुटली असती तर पुढचं चाक हँडलसकट निघून आलं असतं.

इरफान भैयांना बोलावलं. त्यांनी रेघेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “केशकाल की घाटी में...” जगदलपूरच्या रस्त्याला तो घाट लागतो, सगळ्यांना माहीत आहे.

चेसिस कापून, आतून तुकडा घालून वेल्डिंग केलं. त्यानंतर किक मारली, आणि तेव्हापासून आजपर्यंत ठोका नाही.

आता तुमचं सुरू होईल. तड्यामुळेच आवाज येत असेल? मग तो गाडी जागेवर उभी असताना का आला, आणि इंजिनाचा वेग वाढला तरी का वाढला नाही? मला आतून कुठेतरी तड्याची शंका असेल, मनाचे खेळ? ठोका नंदूनं ऐकला, इरफान भैयांनी ऐकला, साहेब मधे बघायला आले त्यांनीही ऐकला. सगळ्यांची मनं एकदम खेळायला लागली का? कारण असेल तर पुराव्यासकट सांगा. मी शोधून थकले. मला सापडलं नाही.

पण खरा राग वेगळाच आहे. गाडी दुरुस्त झाली त्या संध्याकाळी मी बाबांजवळ गेले आणि त्यांच्यावरच ओरडले. आजारी माणसावर! म्हटलं, तिकडे बोळीत लोखंडाच्या आत ठोकता येतं, तर इथे का नाही? इतके दिवस मी या सगळ्यांशी भांडतेय की माझ्या बाबांना कळतं, सगळं कळतं. एकदा खाटेवर ठोका. एकदाच. माझ्यासाठी. तो परका साहेब तुमचा कोण लागतो?

बाबांनी काही केलं नाही. डोळे उघडे होते. मी त्यांच्या पांघरुणात तोंड घालून रडले. नंदू दारात उभा होता, हे मला नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. गाडी झाली असेल तर न्यायला येतो म्हणाले. नंदूनं त्यांना थांबायला सांगितलं, रिसिव्हर टेबलावर ठेवला आणि बाबांच्या खोलीत गेला. खुर्ची ओढून त्यांच्या तोंडासमोर बसला. आजारपणानंतर तो तसा बसलेला मी प्रथमच बघत होते. म्हणाला, “बाबा, साहेब गाडी मागून राहिले. देऊ का?”

आणि वाट बघत बसला. आई दारात, मी दारात. पलीकडे साहेब लाइनवर. बाबांकडून काही नाही. नंदू तरी बसूनच होता.

मग उठला, बाहेर आला आणि फोन उचलला.

“साहब, पिताजी से पूछा है,” तो म्हणाला. “अभी उन्होंने बताया नहीं.”