पिक्चर थांबवून काढलेल्या शंका

आमच्या घरात भुतांना बंदी होती. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंही घराबाहेर गेली. वडिलांनी त्याच्या पुढं जाऊन भ्यायलाही बंदी घातली. लहानपणी 'भेव वाटते' असं कोणी म्हटलं की ते हातात टॉर्च देत आणि मागच्या गोठ्याकडं पाठवत. "पाहून ये, न काय दिसलं ते सांग." मी जायची, पाहायची, परत येऊन सांगायची, "म्हैस." "मंग? म्हशीले भेतं का?" म्हशीला मी खरोखरच भीत होते, पण तो विषय तिथं निघत नसे.

आई गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून वडील वाशीमकडच्या मालेगावच्या पुढं आमच्या गावात एकटे राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून ते वाशीमला आमच्याकडं आले होते. डॉक्टरांनी डोळा चांगला झाल्याचं सांगितलं आणि त्यांनी लगेच सोमवारची एसटी ठरवली. रविवारी सकाळीच थैली भरून दाराशी ठेवली. त्यांनी राहावं असं मला फार वाटत होतं, पण म्हणायचं कसं? 'एकटे कसे राहाल' असं विचारणं म्हणजे 'तुम्ही भिता' असं म्हणणं. एकदा फोनवर मी नुसतं 'घरात करमतं का' एवढं विचारलं होतं. "आवाज येऊन नाई राह्यला," असं स्पष्ट आवाजात सांगून त्यांनी फोन ठेवला होता.

माझी मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीला आली होती. रविवारी जेवणं झाल्यावर तिनं जाहीर केलं की आज सगळ्यांनी मिळून एक जुना पिक्चर पाहायचा. रहस्याचा, भीतीचा, परदेशातला, काळा-पांढरा. "क्लासिक आहे," ती म्हणाली, आणि खिडकीवर सोलापुरी चादर लावून भर दुपारी अंधार केला. माझ्या नवऱ्यानं मुरमुऱ्यांच्या चिवड्याचं पातेलं मांडीवर घेतलं. वडील पुढं खुर्चीवर बसले. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा होता, म्हणजे मुळात काळा असलेला पिक्चर ते आणखी काळा करून पाहणार होते.

संवाद खाली हिंदी अक्षरांत येत होते. वडिलांना वाचायची अजून परवानगी नव्हती. ते मला म्हणाले, "तू वाच."

इथंच आमचं चुकलं. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. परिच्छेद संपला की अर्थ सांगायचा आणि विचारायचं, "कोणाची शंका?" शंका निघाल्याशिवाय पान उलटत नाही. वडिलांनी हे काम आयुष्यभर केलं. यंदा पौर्णिमेला वाचन सुरू झालं ते त्यांच्या डोळ्यामुळं शेजारच्या सुनेकडं गेलं होतं, आणि त्यांच्याकडच्या शंका साठून राहिल्या होत्या.

पिक्चरमध्ये एक बाई मोठ्या घरात एकटी राहत होती. नवरा वारलेला. पहिल्याच रात्री तिला वरच्या मजल्यावर पावलं वाजल्याचं ऐकू आलं. माझ्या मुलीनं उशी छातीशी धरली.

"थांबव," वडील म्हणाले. "शंका. बाई एकटी, तं घर एवढं मोठं कायले? भाड्यानं काहून नाई देत?"

"भाडेकरू मिळत नसेल," माझा नवरा म्हणाला. तो सरकारी नोकर आहे, उत्तर न देता बसणं त्याला जमत नाही.

वडिलांचं समाधान झालं. पिक्चर पुढं गेला. बाई मेणबत्ती घेऊन जिना चढू लागली.

"थांबव. आताच तं लाइट लावला होता तिनं खाली. मेणबत्ती कायले?"

"आबा, ती वातावरणनिर्मिती आहे."

"वातावरण राहू दे. पायऱ्या दिसतीन का तिले?"

वरचा दरवाजा करकरला. "तेल," वडील म्हणाले. या वेळी थांबवायला सांगितलं नाही, एवढंच. मग अंधारातून मांजर अंगावर आलं आणि माझ्या नवऱ्यानं किंकाळी फोडली. चिवडा सगळ्या खोलीत झाला. वडिलांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं आणि परत पिक्चरकडं तोंड केलं. जावयाला आमच्या घरची बंदी लागू नाही.

अशा रीतीनं आम्ही सव्वा मजला चढायला तास घालवला. "आबांना शेजारी हवेत, तेल हवं, लाइट हवा. मग भीती कुठून येणार?" मुलगी कुरकुरली. वडील म्हणाले, "हेच तं म्हणून राह्यलो मी."

मग सकाळचा प्रसंग आला. बाई स्वयंपाकघरात येते. टेबलावर चहाचे दोन कप मांडलेले असतात. ती थबकते. संगीत थांबतं. मी वाचलं, "मी तं एकच ठेवला होता." वाचताना मीच वऱ्हाडीत आले हे मला नंतर कळलं. मुलगी ओरडली. मी बोट रिमोटच्या बटणावर ठेवून 'थांबव' ऐकायची वाट पाहत राहिले.

ते आलंच नाही. बाईनं दुसरा कप उचलला, परत ठेवला, खुर्चीत बसली, रडली, आणि वडिलांना एकही शंका आली नाही. पिक्चर पहिल्यांदाच सलग चालला. मला वाटलं, चष्म्याआड झोप लागली असेल.

शेवटी रहस्य उलगडलं. माळ्यावर तिचा दीर लपलेला होता. घर हडपण्यासाठी तिला वेडं करायचं हा त्याचा डाव. पोलिसांनी त्याला धरलं. नवऱ्यानं सुस्कारा सोडला, मुलीनं चादर काढली, खोलीत ऊन आलं. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "कोणाची शंका?"

"चुकलं पिक्चरवाल्याचं," वडील म्हणाले. ते चांगले जागे होते. "माणूस कुठून आणला त्यानं मधातच? कप तिनंच मांडला होता."

"आबा, दिरानं मांडला. दाखवलं ना आत्ता."

"दाखवू दे. तिनंच मांडला. सवय असते."

"पण कशावरून?"

"मी मांडतो न," वडील म्हणाले.

मुलगी चादरीची घडी घालता घालता थांबली.

"सकाळी चहा ठेवतो, अन् कप दोन मांडल्या जाते. मंग ध्यानात येते." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ते पाह्यलं का मले भेव वाटते."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. यावर काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडं एकच उपाय होता आणि टॉर्च देऊन पाठवण्यात अर्थ नव्हता. ते पाहून आले होते, काय दिसलं तेही सांगून झालं होतं. मला रडू आलं. मी चिवडा गोळा करायला खाली बसले, म्हणजे तोंड दिसणार नाही.

तिथूनच म्हटलं, "बाबा, वर्षावास लागला न आता. वर्षावासात कोणी मुक्काम हलवत नाई."

"ते भिक्खूले हाय," त्यांनी लगेच दुरुस्त केलं. कोणत्याही परिस्थितीत ते चुकीची माहिती तशीच जाऊ देत नाहीत. "उपासकाले नाई."

नियम त्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होता. मग माझा नवरा म्हणाला, "बाबा, शंका आहे."

"बोला जावईबापू."

"उपासकानं पाळला, तर चालत नाही का?"

वडिलांनी चष्मा परत लावला आणि विचार केला. विहारात अवघड शंका आली की ते छताकडं पाहतात, तसं पंख्याकडं पाहिलं.

"चालत नाई, असं कुठं लिहेल नाई," ते म्हणाले. मग माझ्यावर डाफरले, "अन् ते थैली दारात कायले ठेवली वं? कोणाचा पाय अडकन नाई का?"

थैली त्यांनीच ठेवली होती. मी ती उचलून आत नेली आणि त्यांचे सदरे कपाटात लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठायला उशीर झाला. स्वयंपाकघरात गेले तर वडील माझ्या आधी उठून चहाला आधण ठेवून उभे होते. नवरा दात घासत दारात आला, मुलगी डोळे चोळत त्याच्यामागं आली. आम्ही घरात चौघं. ओट्यावर पाच कप मांडलेले होते.

वडिलांनी ते पाहिले. मग आमच्याकडं पाहिलं. मी गाळणं घेतलं आणि पाचही कपांत चहा ओतला. कोणी शंका काढली नाही.