पायडलवरचा पाय
मशीनच्या तेलाचा आणि झेंडूचा वास एकत्र आला की मला दारव्ह्याचं आमचं शिलाईचं दुकान आठवतं. जीप उलटली, बाबांच्या कण्याला मार बसला आणि त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले, त्यानंतरचा तो पहिला दसरा. मशीनची पूजा झाली. पहिली शिलाई दरवर्षी बाबांचीच, म्हणून आईनं त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा पाय उचलून पायडलवर ठेवला आणि चाकाला हात दिला. चवडा दाबला गेला मात्र, पाय थडथड हलायला लागला आणि लाल कापडावर भराभर टाके पडले. “यायचा पाय चालून राह्यला ना!” म्हणत आई गल्लीभर साखर वाटून आली. बाबा मला हळूच म्हणाले, “मी नाही हालवून राह्यलो, पोरी.” यवतमाळच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की हे एकट्या मज्जारज्जूचं काम आहे, मेंदूचा त्यात हात नाही. पण रात्री अंथरुणातही पाय तसाच उडायचा; त्या थडथडीनं बाबांना झोप नव्हती, टाच सोलून निघाली होती. मज्जारज्जूही सवयीनं शिकतो, पाय रोज ताणून धरत जा, असं डॉक्टर म्हणाले. मी रोज धरला. पुढच्या दसऱ्याला आईनं तो पुन्हा पायडलवर ठेवला, आणि तो हलला नाही. डॉक्टरांना हेच हवं होतं. “जरासा अजून दाब ना वं,” आई म्हणाली. मी दाबला, तरी नाहीच. आता बाबा नाहीत, मशीन मी चालवते. दसऱ्याची पहिली शिलाई घालताना पायडलवर पाय ठेवते आणि तो हलवण्याआधी जरा वेळ थांबते.