नेगोटिनमधला दुसरा ठिपका

वुकोसाव सर्बियातल्या नेगोटिनच्या नगरपालिकेत संगणक सांभाळायचा. पन्नाशीला टेकलेला, बिनलग्नाचा, आई देसांकाबरोबर राहणारा. कचेरीत त्याच्याशी कुणी दोन शब्द बोलत नसे. त्याचं खरं जगणं संध्याकाळी सुरू व्हायचं, प्रोग्रामर मंडळींच्या एका मोठ्या फोरमवर. तिथे तो नवशिक्यांच्या अडचणी न कंटाळता सोडवत बसायचा.

फोरमवर सभासदांचा नकाशा होता. ज्याने त्याने आपल्या गावी एक ठिपका लावायचा. जर्मनी, पोलंड ठिपक्यांनी भरून गेलेले, बेलग्रेडवर तर गुळाला मुंग्या लागाव्यात तसे. इकडे डॅन्यूब नदीच्या वळणावर मात्र सगळं ओसाड, आणि त्या ओसाडीत वुकोसावचा एकुलता एक ठिपका. रातोमिरच्या काफान्यात, म्हणजे गावच्या खाण्यापिण्याच्या अड्ड्यावर, ग्लास पुढ्यात घेऊन तो हा नकाशा मोठ्या कौतुकाने सगळ्यांना दाखवायचा.

"म्हणजे अख्ख्या गावात शहाणा तू एकटाच," रातोमिर गल्ल्यावरून म्हणायचा. "आणि आम्ही काय, मेंढरं?"

"तसं नाही रे..."

"बरं, मग या ठिपक्याला ठिपकीण कधी मिळायची?"

सगळे फिदीफिदी हसायचे. वुकोसावही हसायचा.

मार्च महिन्यात नकाशावर नेगोटिनचा दुसरा ठिपका उगवला. दोन दिवसांत त्याला खाजगी निरोप आला. बाईमाणूस होती. वडील अंथरुणाला खिळलेले, घर सोडता येत नाही, म्हणून घरबसल्या प्रोग्रामिंग शिकायचं होतं. "नाव एवढ्यात विचारू नका, गुरुजी. गाव लहान आणि जिभा लांब," असं तिने लिहिलं होतं.

वुकोसाव तिला रोज शिकवू लागला. प्रश्न नेमके असायचे, सांगितलेलं तिला चटकन उमगायचं. हळूहळू धड्यांच्या मागोमाग सुखदुःखाच्या गोष्टी आल्या. बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायकांकडे तो टक लावून बघायचा. हीच तर नसेल? रोज दाढी करू लागला. "पोरगा शीळ घालतोय हो," देसांकाने शेजारणीला सांगितलं.

जूनमध्ये तिचा निरोप आला: "रविवारी दुपारी रातोमिरकडे भेटू. डोक्याला निळा रुमाल असेल."

त्याने नवा कोट घेतला, लाल कार्नेशनची फुलं घेतली. काफाना त्या दिवशी नको तितका भरलेला होता. रातोमिरने स्वतः येऊन त्याच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली. तेव्हाही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग मुदपाकखान्याचं दार उघडलं. रातोमिरचा जावई नेनाद, शाळेत संगणक शिकवणारा, बाहेर आला. डोक्याला निळा रुमाल, ओठांना लाली, वर झुबकेदार मिशा.

"बाबा झोपले, तेवढ्यात आले हो, गुरुजी!"

हसून हसून लोक टेबलांवर आडवे झाले. कुणीतरी अ‍ॅकॉर्डियनवर लग्नाची धून धरली. वुकोसाव फुलं धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "नेनाद, तो तुझा प्रोग्राम... मेमरी खात होता तो. मी सांगितलं तसं करून पाहिलंस का? चालला?"

नेनादने मनगटाने लाली पुसली आणि खाली बघत म्हणाला, "चालला."

"चालला म्हणतेय नवरी!" रातोमिर ओरडला. "आता बोला, याद्या कधी करायच्या?"

आणि मघापेक्षा मोठा हशा उसळला.

घरी देसांकाने सूप वाढून ठेवलं होतं. ती वर बघत नव्हती, तेव्हा त्याला कळलं.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"इस्टरपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"दोन वेळा पोटभर जेवायला लागला होतास रे, वुको. म्हटलं, चाललंय तितके दिवस चालू दे."

त्याने वाडगा उचलला, तिच्या डोळ्यांदेखत सूप मोरीत ओतलं आणि वाडगा तिच्यापुढे पालथा ठेवला. पुढे कित्येक आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. फोरमवरचा स्वतःचा ठिपकाही त्याने पुसून टाकला.

हिवाळ्यात नेनाद एकदा दारात उभा राहिला. बेलग्रेडच्या एका कंपनीत त्याची नोकरी जवळजवळ ठरली होती.

"फोरमवर तुमच्या शब्दाला वजन आहे. कंपनीवाल्यांना माझ्यासाठी शिफारशीच्या दोन ओळी लिहाल?"

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण दुसरं कोण लिहिणार? मला शिकवलंत तुम्हीच."

वुकोसावने दार लावून घेतलं. आणि त्याच संध्याकाळी लिहून दिलं. खोटं काही लिहावं लागलं नाही. पोरगा खरोखर हुशार होता. नोकरी मिळाली. नेनाद बायकोला घेऊन बेलग्रेडला गेला. त्यानंतर त्याचा ना फोन, ना निरोप.

वुकोसाव आजही रातोमिरकडेच जातो. गावात दुसरीकडे जायला आहे काय? बाहेरचा पाहुणा आला की रातोमिर 'ती' गोष्ट सुरू करतो. पहिली काही वर्षं वुकोसाव मान खाली घालून ऐकून घ्यायचा. मग एकदा म्हणाला, "थांब, तुला नीट सांगता येत नाही." तेव्हापासून तोच सांगतो. रुमाल बांधायची, ओठ रंगवायची नक्कल अशी करतो, की हसता हसता पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. रातोमिर त्याच्यापुढे राकिया दारूचा पेला ठेवतो, वर सॉसेजची बशीही देतो. पोट तिथेच भरतं.

देसांका घरी एकटी जेवते.