उदाचं पिल्लू आणि बंधाऱ्याचं पाणी

पाणमांजराच्या पिल्लाला मी एकदा पाण्यात सोडलं होतं. त्याला पोहता येत नव्हतं. मला वाटलं, पाण्यातलं जनावर, त्याला काय शिकवायचं?

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणजे मला सगळंच कळत होतं. नवरा मुंबईला; घरात मी आणि सासूबाई. पावसाळी भात कापून झालं की आमची वाडी मिळून व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडमातीचा बंधारा घालते, उन्हाळी वायंगणी भाताला पाणी हवं म्हणून. त्या वर्षी बंधाऱ्यामागे पाणी हातभर चढलं आणि काठच्या करंजाच्या मुळांतलं उदाचं बीळ बुडालं. पाणमांजराला आमच्याकडे ऊद म्हणतात. तो दिसायचा क्वचित, पण वरच्या अंगाला एका सपाट कातळावर रोज सकाळी त्याची ताजी विष्ठा असायची, खवल्यांनी आणि कुर्ल्यांच्या कवचांनी भरलेली. जागा कधी बदलायची नाही.

कपडे धुवायला गेले तर मुळांवर पिल्लू. कुईकुई करत पाण्यापासून मागे सरकत होतं. मी शहाणीने त्याला मानगुटीला धरून पाण्यात सोडलं. दोनदा पाय झाडले आणि ते खाली गेलं. बुडबुडे आले. मी गुडघाभर पाण्यात उभी. पोहता मलाही येत नव्हतं. नुसती सासूबाईंना हाका मारत राहिले.

तेवढ्यात मादी आली. बुडी मारून पिल्लू तोंडात धरून पलीकडच्या काठाला लागली. ते ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. तिने त्याला खाली ठेवून चाटलं, पुन्हा उचललं आणि ती केवड्यात शिरली. ते हललं का, मला दिसलं नाही.

"आई त्यांना ओढून ओढून पाण्यात नेते, तेव्हा कुठं पोहतात ती," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "तुला कुणी बोलावलं होतं?"

मग रोज सकाळी मी कातळाशी. नवी सून उदाची घाण हुंगत फिरते, म्हणून वाडी हसली. खोटं नव्हतं, हुंगायचेच मी. जुनी विष्ठा वाळून पांढरी पडली. नवी काही दिसली नाही.

पंधरा दिवसांनी सासूबाई बंधाऱ्याच्या फटीत चिखल भरत होत्या. मी विचारलं, "आई, ती परत येईल?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "नको येऊ दे. बंधारा आपण दरवर्षी घालणार, नि तू पण हितंच हायस."