एक दुरुस्ती राहून गेली

मुंजाजी शिंदे गेल्याचा निरोप सकाळी मोबाइलवर आला, तेव्हा जुन्या सवयीने मी आधी दोन फोन केले. उपसंपादकाच्या टेबलावर निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाची ही सवय सुटत नाही. कोणी गेल्याचं कळलं तरी दुसरीकडून ते पक्कं झाल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. पहिला फोन पुण्याला केला, तो काम करायचा त्या स्टुडिओत. दुसरा चुडाव्याला, त्याच्या चुलतभावाला. दोघांनी तेच सांगितलं. हेडफोन लावून बसलेला असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. वय चाळिशीच्या आसपास. मी बाहेरच्या खोलीत जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खात्री केलीस का?" केली, म्हटलं. "बरं केलं. मेला म्हणायच्या आधी खात्री करावी माणसानं..." ते असं का म्हणाले, हे सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

मुंजाजी आणि मी परभणीत कॉलेजला एकत्र होतो. त्याचं घर चुडाव्याला. रोजचं येणं-जाणं नको म्हणून तो शहरात खोली करून राहायचा आणि आठवड्यातले बरेचसे दिवस आमच्याकडे जेवायचा. अभ्यासात त्याला गोडी नव्हती. ऐकण्यात मात्र होती. मोबाइलवर परदेशातलं हिपहॉप ऐकून त्यातला ताल तो ताटाच्या कडेवर बोटांनी वाजवून दाखवायचा आणि आई म्हणायची, "आधी जेव, मग बडव." पुढे शहरातल्या एका खासगी एफएम केंद्रावर त्याला रविवार दुपारचा एक तास मिळाला, तोही त्या वेळी कोणी ऐकत नाही म्हणून. आपल्याकडे डीजे म्हटलं की वरातीपुढचा ट्रक डोळ्यांसमोर येतो. रेडिओवरचा डीजे हे काय काम आहे, ते त्याच्या स्वतःच्या मामाला शेवटपर्यंत कळलं नाही. "लग्नसराई संपल्यावर काय करतू मंग?" असं ते दरवर्षी विचारायचे.

त्या एका तासात त्याने जे केलं, ते नाकारता येणार नाही. पूर्णा, जिंतूर, गंगाखेडकडची पोरं-पोरी तो रॅप म्हणायला माइकसमोर उभी करायचा. पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण मुंबईच्या गल्ल्या, बंदुका आणि समुद्र घेऊन यायचा. एकदा मी केंद्रात बसलो होतो. चारठाण्याचा एक पोरगा लाटांवर काहीतरी म्हणत होता. मुंजाजीने बीट बंद केली. "तू समुद्र बघितलायस का?" "न्हाई." "मंग कशाला आणायलायस त्याला? तुमच्या गावात काय हाय?" "जुनी मंदिरं हायत." "आन त्या मंदिरात तू काय करतूस?" पोरगा लाजला. "कुणाला कळू न देता एकीची वाट बघतो." "हां. ते म्हण." तो तुकडा त्या महिन्यात जिल्हाभर वाजला. बघितलंय तेच बोला, हा मुंजाजीचा एकच नियम होता. तो मी स्वतःच्या कानांनी इतक्यांदा ऐकला आहे की पुढचं सगळं लिहिताना तो मधे येत राहतो.

माझे वडील, दत्तराव काळे, मूळचे पेडगावचे. परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानात ते हर्रास बोलायचे, म्हणजे धान्याचा लिलाव पुकारायचे. हे मीच मुंजाजीला सांगितलं आणि एका सकाळी त्याला तिथे घेऊन गेलो. वडील सोयाबीनच्या ढिगावर उभे राहून पुकारत होते, "घ्या मुठीत, फोडा दातानं, माती न्हाई, खडा न्हाई, वाळला हाय उन्हात, बोला शेटजी, बोला..." मुंजाजी माझा दंड धरून उभा राहिला. त्यानंतर तो रेकॉर्डर घेऊन महिनाभर मोंढ्यात येत होता. वडिलांना आधी गंमत वाटली. "ह्याला नुस्तं ऐकायचा पगार मिळतूय का रे?" असं त्यांनी मला विचारलं. पण दोघांचं जमलं. दुपारी आमच्या घरी वडील पुकारायचे, मुंजाजी टेबलावर ताल धरायचा, आणि चुकला की वडील त्याला हमालांना देतात तशा शिव्या द्यायचे. तो खूश व्हायचा. "काका, तुमी न्यूयॉर्कात जन्मायला पायजे होतं." "तिथं तुरीला काय भाव हाय?" वडील विचारायचे.

त्यातून 'मुठीत घ्या' हे गाणं झालं. खाली मुंजाजीची बीट, वर दोन पोरांचा रॅप आणि मधे मधे वडिलांचा आवाज. रविवारी दुपारी ते पहिल्यांदा वाजलं तेव्हा मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी झाली होती. पुढे ते फोनवरून फोनवर गेलं, पुण्यापर्यंत पोहोचलं, आणि तिथल्या स्टुडिओने मुंजाजीला बोलावून घेतलं. जाताना तो आईच्या आणि वडिलांच्या पाया पडला. गाण्याखाली वडिलांचं नाव आलेलं नव्हतं. "घाईत राहिलं काका, पुढच्या वेळी टाकतो," तो म्हणाला. वडिलांनी मान हलवली.

पुण्याला गेल्यावर काही महिन्यांनी त्याची एक मोठी मुलाखत झाली. ती परभणीच्या केंद्रानेही लावली, आपला माणूस म्हणून. मुलाखत घेणारीने विचारलं, गाण्यातला तो आवाज कोणाचा? मुंजाजी थोडा थांबला. मग संथपणे म्हणाला, "आमच्या मोंढ्यात एक बाबा होते. माझे गुरू. गेले ते... ही त्यांची शेवटची रेकॉर्डिंग." मग गाणं लागलं. वडील त्या वेळी त्याच चहाच्या हॉटेलात बसून, हातात कप धरून, हे ऐकत होते.

पहिल्या दिवशी मोंढा हसला. हमालांनी वडिलांना हात जोडले, कोणी म्हणालं, "दत्तराव, तेराव्याला बुंदी करा." वडीलही हसले. दुसऱ्या दिवशी चारठाण्याहून माल घेऊन आलेला एक शेतकरी त्यांना बघून मागे सरकला. "तुमी गेलात म्हणलेते की रेडिओत." आवाज ओळखणारी माणसं गावोगावी होती. त्यांतल्या एकाने सांत्वनासाठी घरी फोन केला आणि तो आईने उचलला. पलीकडचा माणूस म्हणत होता, वैनी, धीर धरा. आईने फोन ठेवला, देवापुढे जाऊन बसली आणि त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मला एवढंच म्हणाली, "माझ्या कुंकवावर बोलला तो. ह्या घरात जेवलाय रे..."

मी मुंजाजीला फोन लावला. तो ओशाळला, निदान तसं वाटलं. "बोलायच्या भरात गेलं तोंडातून. तिनं विचारलं, सगळे ऐकायलेत... जिवंत माणसाची गोष्ट लोकांना तेवढी लागत न्हाई, तुला ठाऊक हाय. करतो दुरुस्त." मी वडिलांना म्हटलं, आमच्या पेपरात चार ओळी छापतो. ते नको म्हणाले. "ज्यानं मारलं त्यानंच उठवावं. माझं नाव घ्यावं आन मी हाय म्हणून सांगावं. दुसरं काय मागायलोय मी?" पुढचे कितीतरी रविवार ते रेडिओ लावून बसले. मुंजाजीचा कार्यक्रम आता पुण्याहून यायचा. तो गावांची नावं घ्यायचा, पोरांची नावं घ्यायचा. वडिलांचं नाव आलं नाही.

बोलण्याच्या भरात गेलं, यावर मी काही काळ विश्वास ठेवला. मग त्याच्या मंचावरच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती बघितल्या. 'मुठीत घ्या'च्या आधी तो मंचावरचे दिवे बंद करायचा, लोकांना मोबाइलचे दिवे वर धरायला सांगायचा आणि "जो आवाज आता राहिला नाही" त्याच्यासाठी शांत राहायला सांगायचा. पुण्यात, नाशिकला, नांदेडला मंचावर तेच वाक्य, तेवढाच थांबा. परभणीत त्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो. तिथे दिवे बंद झाले नाहीत. ते वाक्यही आलं नाही, गाणं थेट सुरू झालं. नांदेडात गेलेला माणूस परभणीत जिवंत असतो, हे त्याला नीट माहीत होतं. एवढं कळल्यावर मी त्याला पुन्हा फोन केला नाही.

त्या मुक्कामात तो आमच्या घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात समोरासमोर आला तेव्हा त्याला वळायला जागा नव्हती. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काकांना सांग, पुढच्या खेपेला घरी येतो. बसून बोलायचंय." मी वडिलांना सांगितलं. तेव्हापासून तो परभणीला आल्याचं कानावर आलं की ते धुतलेला सदरा घालून बसायचे. असं दोन-तीनदा झालं. आई त्यांना काही बोलायची नाही, फक्त चहा जरा जास्तीचा टाकायची.

मुंजाजी वारल्यावर त्याचे दिवस गावीच घालायचे ठरले होते; दहाव्याच्या आत वडील चुडाव्याला जायचं म्हणाले. मी म्हटलं, कशाला? "मयतीच्या घरी जावं लागतं. त्यानं जीभ सोडली म्हणून आपण रीत सोडायची का?" आम्ही गेलो. घरात बायकांची गर्दी होती. मुंजाजीची बायको शीतल भिंतीला टेकून बसली होती. ती पुण्याची. आमची तिची कधी भेट नव्हती. मी सांगितलं, हे माझे वडील, दत्तराव काळे. मोंढ्यात हर्रास बोलायचे. तिने मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मोंढ्यातले बाबा?" तिच्या तोंडून निघालं. "पण तुम्ही तर..." वडील म्हणाले, "हाय मी. बसू का?"

तिने त्यांच्यासाठी सतरंजी स्वतः सरकवली. मग त्यांच्या हातांकडे बघत ती हळू आवाजात सांगू लागली. लग्न झाल्यापासून दर सर्वपित्री अमावास्येला मुंजाजी दोन पानं वाढायला लावायचा. एक त्याच्या वडिलांचं आणि एक मोंढ्यातल्या बाबांचं. खीर, वडे, सगळं. गुरूचं म्हणून ते दुसरं पान तो स्वतः गच्चीवर नेऊन ठेवायचा आणि कावळा शिवेपर्यंत खाली यायचा नाही. "एकदा फार वेळ शिवला नाही, तर रडले होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, केवढी माया..." मी हे ऐकत असताना वडिलांकडे बघायचं टाळलं. मंचावर खोटं बोलणं मी समजू शकतो. माणूस टाळ्यांसाठी बोलतो. घरात, बंद दारामागे, वर्षानुवर्षं एका जिवंत माणसाचं पान वाढणं... ते खोटं टिकवण्यासाठी होतं की ते त्याला सहन होत नव्हतं म्हणून, हे मला सांगता येत नाही. सांगू शकणारा माणूस गेला आहे.

वडिलांनी एकच विचारलं. "पान ठेवताना नाव काय घ्यायचा?"

शीतल आठवू लागली. "नाव... नाव नाही घ्यायचे. मोंढ्यातले बाबा, एवढंच."

वडिलांनी मान हलवली. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. शीतलने पदर सावरला आणि घाबरत विचारलं, "बाबा, अमावास्या जवळ आलीय. यांचं वर्ष व्हायच्या आत यांचं पान वाढता येत नाही म्हणतात. मी यंदा काय करू? ते दुसरं पान..."

"माझं वाढू नको बाई. मी घरी जेवतो," वडील म्हणाले. मग उठता उठता भिंतीला हात टेकून थांबले. "वर्ष झालं की त्याचं वाढ. आन वाढताना नाव घे. मुंजाजी म्हण, मोठ्यानं म्हण. नाव घेतल्याबिगर कुणाला कळत न्हाई, आपल्यालाच बोलवायलेत म्हणून."