‘दिसतंय’ म्हणू नका, वाचून दाखवा

आमच्या मावशीच्या चष्म्याच्या दुकानात ‘हो, दिसतंय’ या उत्तराला काडीची किंमत नाही. काच बदलून ती विचारते, “आता?” गिऱ्हाईक भिडेखातर म्हणतं, “हो हो, छान दिसतंय.” “मग खालची ओळ वाचा,” म्हटलं की गिऱ्हाईक डोळे किलकिले करतं. अर्ध्या लोकांची नजर भिडेपायीच अधू राहते असं तिचं मत आहे आणि ते ती तोंडावर सांगते. तरी दुकान चालतं, हेच नवल.

या बाईनं साठी उलटल्यावर स्पॅनिश शिकायला घेतलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. पण तिचं कारण पक्कं होतं. तिची लेक, म्हणजे माझी मावसबहीण, लांबच्या देशात स्पॅनिश बोलणाऱ्या घरात दिलेली. ताईला सातवा महिना लागलेला आणि ऐन वेळी मावशी दुकानातल्या स्टुलावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेली. बाळंतपणाला जाणं बोंबललं. तिथे ताईजवळ असणार विहीणबाई, आणि त्यांना स्पॅनिशखेरीज काही येत नाही.

मावशीला त्यांना एकच गोष्ट सांगायची होती. ताई घाबरली की गप्प होते. ‘मी बरी आहे, तुम्ही जा’ म्हणते. नेमकं तेव्हाच तिला एकटं सोडायचं नसतं.

“मग जावयाला सांग ना,” मी म्हटलं.

“तो लगेच तिला विचारणार. आणि ती म्हणणार, आईचं काहीतरीच!”

झालं. तिला संध्याकाळच्या क्लासला नेण्याआणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही मागच्या बाकावर बसून फुकटात शिकू लागले. एकदा शिकवणाऱ्या बाईंनी ‘समजलं’ हे कसकसं म्हणायचं ते शिकवलं. ‘एंतिएन्दो’ म्हणजे समजलं. ‘या बेओ’ म्हणजे अस्सं होय! ‘क्लारो’ म्हणजे अर्थातच, त्यात काय! हे ‘क्लारो’ वर्गाला फारच मानवलं. अभ्यास न करता हुशार दिसायची सोयच झाली. बाई काहीही सांगोत, आमचं ‘क्लारो’ तयार.

मावशीनं हात वर केला. “आणि नाही समजलं तर?”

“नो एंतिएन्दो.”

“असं कुणी म्हणतं का?”

बाई हसल्या. “फारसं नाही.”

मग एका संध्याकाळी, ताई तपासणीला गेलेली असताना, मावशीनं विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पाठ केलेलं लांबलचक वाक्य एका दमात म्हटलं. विहीणबाई गोड बाई. मान डोलावत म्हणाल्या, “क्लारो, क्लारो! एंतिएन्दो!”

मला हायसं वाटलं. मावशीचा चेहरा मात्र दुकानात असतो तसा झाला.

“हिला ओ की ठो कळलेलं नाही,” ती पुटपुटली.

“अगं, विहीण आहे ती! उलटतपासणी घेणार का तिची? राग येईल.”

“येऊ दे. राग घालवता येतो. माझी पोर तिथे एकटी पडली तर?”

तिनं फोन आणखी जवळ धरला. मग मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलंच, “मी काय म्हटलं, सांगा.”

विहीणबाईंचं हसू मावळलं. मी मान खाली घातली. मग त्या हळूच म्हणाल्या, “नो एंतिएन्दो,” आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खो खो हसत सुटल्या. मग मावशीही हसली.

लांब वाक्य तिनं सोडूनच दिलं. एकेक तुकडा दिला. ती म्हणते, बरी आहे. खरं नाही. जाऊ नका.

विहीणबाई विचारात पडल्या. मग सावकाश, स्वतःच्या शब्दांत बोलल्या, ते मलासुद्धा कळलं. “ती गप्प झाली, की मी तिथेच.”

या वेळी ‘क्लारो’ कुणीच म्हटलं नाही.

महिन्याभरात ताईला मुलगी झाली. ताईचा फोन आला तोच तक्रार घेऊन. “आई, काय सांगू तुला! मी सासूबाईंना कितीदा म्हटलं, मी बरी आहे, तुम्ही घरी जा. तर खुर्ची ओढून बसल्या त्या बसल्याच. माझा हात काही सोडेनात. त्यांना माझं बोलणं कळतच नव्हतं बहुतेक.”

“नसेल कळलं गं,” मावशी म्हणाली, फोन माझ्या हातात दिला आणि पोटभर रडली.