शाळेच्या भिंतीवरची सभा

कागद संपला आणि सरपंच बाबारावांचं नाक अर्धंच राहिलं.

खाकी कागदाचा आख्खा रोल मी शाळेच्या व्हरांड्यात खळीनं चिकटवला होता. दीड तासात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. पुढे होती शाळेची बाहेरची भिंत. नुकताच चुना मारलेली. मी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरांनी भिंतीकडे बघितलं.

“न्हाई बाई,” ते म्हणाले. “परवाच चुना मारलाय. इन्स्पेक्शन हाय.”

“मास्तर, माझं नाक!” बाबाराव बसल्या जागेवरून ओरडले. “नाक तरी पुरं होऊ द्या की!”

सगळं पटांगण हसलं. हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. ती परवानगीच आहे असं मी धरलं आणि पिशवीतून कोळसा काढला.

आता हे काय चाललं होतं ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आर्टिस्ट होते. वडील पूर्णेला रेल्वेत. ड्रॉईंगची परीक्षा पास झाले आणि ही नोकरी लागली. आर्टिस्ट म्हणजे काय, तर ‘पाणी गाळून प्या’चे तक्ते रंगवायचे आणि मंत्री आले की स्वागताचा बोर्ड. सहा वर्षांत मी इतके नळ रंगवले होते की झोपेत सांगितलं तरी थेंबासकट काढला असता.

झरीच्या पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला जेवायला बोलावतात. त्या गावाला नळयोजना मंजूर झाली होती. विहीर, टाकी आणि सहा स्टँडपोस्ट. स्टँडपोस्ट म्हणजे गल्लीतला सार्वजनिक नळ, सिमेंटच्या खांबाला तोटी लावलेला. हे सहा खांब कुठे उभे करायचे, ते गावानं सभा घेऊन ठरवायचं आणि तसा ठराव द्यायचा. तीन सभा झाल्या. तीन वेगवेगळ्या याद्या आल्या. प्रत्येक यादीखाली ग्रामसेवकाच्या वळणदार अक्षरात ‘सर्वानुमते मंजूर’. आणि प्रत्येक यादी आली की मागोमाग तक्रारीचा अर्ज.

आमचे डेप्युटी इंजिनिअर साहेब वैतागले होते. “ही चौथी आणि शेवटची,” ते जीपमध्ये म्हणाले. “आज ठरलं नाही तर योजना यादीतल्या पुढच्या गावाला. तुम्ही नकाशा मोठा करून रंगवलाय ना? तो टांगा आणि गप्प बसा.”

मी टांगला. निळी नदी, लाल पाईपलाईन, सहा हिरवे ठिपके. माझ्या मते फार सुंदर. लोक पाच मिनिटं बघत बसले. मग एक म्हातारबाबा म्हणाले, “बाई, हे कोनचं गाव हाय?”

मला हसू आवरेना. खरंच की! त्या नकाशात एकही माणूस नव्हता. घर नव्हतं, म्हैस नव्हती. वरून बघितलेलं गाव त्या गावात कोणी बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात सभा पेटली. एकाच वेळी चौघं बोलायला लागले. ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसले होते, पण लिहीत नव्हते. शेवटी एकदाच ‘सर्वानुमते’ लिहायचं, असा त्यांचा हिशेब. मला राहवेना. टेबल झाकायला आणलेला कागदाचा रोल मी उलगडला आणि जो बोलेल त्याला काढायला लागले. जसा दिसतो तसा, पाच-सहा रेघांत. तोंडाजवळ फुगा, फुग्यात तो काय म्हणाला ते. अक्षरं कमी, चित्र जास्त. ‘आमच्या गल्लीत म्हातारी माणसं हायेत’ म्हणाला की काठी टेकत चाललेली म्हातारी. ‘तिथं चिखल व्हतोय’ म्हणाला की गुडघ्याएवढा चिखल आणि त्यात अडकलेली चप्पल.

“अरे, ही तर माझी चप्पल!” एक जण ओरडला.

संपलंच. सगळे उठून कागदापाशी. मला काढलं का? माझं बोलणं कुठंय? ह्याच्या फुग्यात एवढं अन् माझ्या फुग्यात एवढंसंच? साहेब खुर्चीवरून हातानं ‘पुरे पुरे’ करत होते. माझा हात इतक्या वेगानं कधीच चालला नव्हता. घाम डोळ्यांत उतरत होता, ब्रश दातांत, साडीवर शाईचे डाग, आणि मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या. सहा वर्षं थेंब रंगवले आणि आज माणसं काढायला मिळाली होती.

तर कोळसा. मी भिंतीवर बाबारावांचं नाक पुरं केलं.

“एवढं मोठं न्हाई माझं नाक,” ते म्हणाले.

“हाय!” सगळं गाव एका आवाजात.

नाक मी थोडं कमी केलं, मग मूळ मुद्द्यावर आले. बाबारावांचं म्हणणं होतं की त्यांच्या गल्लीत दोन नळ हवेत. तिन्ही याद्यांत ते होते. वाचताना कोणाच्या लक्षात यायचं नाही, कारण एकाचं नाव ‘चावडीजवळ’ आणि दुसऱ्याचं ‘जुन्या लिंबाजवळ’. मी दोन्ही काढले. चावडी आणि लिंब यांच्यामध्ये एका म्हशीएवढी जागा. दोन नळ शेजारी शेजारी, मध्ये म्हैस.

लोक खदाखदा हसले. बाबारावही हसले, पण जरा कमी.

बायकांच्या बाजूला, मागे कुंपणाच्या कडेला, बौद्धवाड्यातल्या सात-आठ जणी उभ्या होत्या. त्यांच्यातली गयाबाई पुढे आली. साठीची, अंगानं काटक. बौद्धवाड्याला तेव्हा पाणी झिऱ्याचं. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला खड्डा, त्यात वाटीवाटीनं पाणी साचायचं. यादीत ‘बौद्धवाड्यासाठी एक’ लिहिलेलं होतं. जागा ‘मारुतीच्या पारामागे’. मी भिंतीवर तो नळही काढला होता आणि त्यापुढे घागर घेतलेली बाई.

“ही कोन गं माय?” गयाबाईनं विचारलं.

“तुम्हीच समजा, मावशी.”

“मग चुकलं तुझं. मी पारामागं जात न्हाई.”

का जात नाही, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. तीन सभांत मात्र हे वाक्य एकदाही कागदावर आलं नव्हतं.

“मग कुठं काढू तुम्हाला?”

“माझ्या दारापुढं काढ.”

मी ओल्या फडक्यानं बाई पुसली. भिंतीवरच पाराकडून नाल्याच्या कडेपर्यंत गेले, बौद्धवाडा काढला आणि गयाबाईला तिच्या दारात उभी केली. नळ मात्र राहिला पारापाशी. आता चित्रात एका बाजूला नळ आणि माणूस नाही, दुसऱ्या बाजूला माणूस आणि नळ नाही.

तेव्हा बाबारावांच्या मागे बसलेला त्यांचा पुतण्या उभा राहिला. “बाई, तुमचं आडनाव काय?”

आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं, हे त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नव्हतं. साहेबांनी मान खाली घातली. हात जे करत होता तेच मी केलं. मी त्याला काढलं. टोपी, वर केलेलं बोट, उघडं तोंड. फुग्यात लिहिलं, ‘बाई, तुमचं आडनाव काय?’

वाचता येणाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं. न येणाऱ्यांनी विचारलं, काय लिहिलंय? त्यांनी पुन्हा वाचलं. एक जण खुदकन हसला.

“हे कामून काढलं?” पुतण्या म्हणाला.

“सभेत जो जे बोलला ते सगळं काढायचंय. ऑफिसला जायचंय हे.”

“पुसा ते.”

“म्हणजे मागे घेतलं?”

पटांगणातून कोणीतरी ओरडलं, “घे की मागं! नळाचं बोल!”

“घेतलं मागं.”

मी फडकं फिरवलं.

यानंतर जे झालं त्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. बायकांमधून एक खणखणीत आवाज आला. “आवो, त्या दोन नळांतला एक उचला की! मी एका टायमाला एकच घागर भरते.”

ती बाबारावांची बायको होती.

हसण्याचा असा लोट आला की झाडावरचे कावळे उडाले. बाबाराव मागे वळून बघतात तर बायको पदर तोंडाला लावून हसतेय. त्यांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा घातलं.

“साहेब,” ते आमच्या इंजिनिअरना म्हणाले, “तिकडं पानी जाईल का? टेक्निकल काय म्हनतंय?”

साहेब उठून भिंतीपाशी आले. प्रथमच नीट बघितलं. मग माझ्या हातातला कोळसा घेतला आणि टाकीपासून खाली एक रेघ ओढली. “बौद्धवाडा सगळ्यात उतारावर आहे. पाणी तिथे सगळ्यात सहज जाईल. अडचण तुमच्या गल्लीची आहे, बाबाराव. ती चढावर आहे.”

“आसं?” बाबाराव म्हणाले. “मग मला कुनी सांगितलं न्हाई कामून?”

“सांगितलं होतं. लेव्हलचा तक्ता जोडला होता.”

“तक्ता!” बाबारावांनी हात उडवले. “उचला तो लिंबाजवळचा. द्या गयाबाईच्या दारात.”

पारामागचा नळही मग शाळेकडे सरकला. सहा नळ, सहा जागा, प्रत्येक नळापुढे त्या गल्लीतलं एक ओळखीचं माणूस. ग्रामसेवकांनी लिहायला पेन काढलं तर लोक म्हणाले, तुमी लिहू नका, आमी इथंच अंगठे देतो. हेडमास्तरांकडे भिंतीच्या पट्ट्यासाठी आणलेला गेरू होता. त्यांनीच बादली आणून ठेवली. बायकांची रांग लागली. बाबारावांना सही येत होती, तरी त्यांनी अंगठाच दिला. मग गयाबाईनं, मग पुतण्यानंही. आमच्या साहेबांनी कोळशानं सही केली आणि खाली शिक्का नाही म्हणून शिक्क्याचं चित्र मला काढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळं कागदावर उतरवून घेतलं आणि ते वर पाठवलं. पंधरा दिवसांनी वरच्या ऑफिसचं पत्र आलं: ‘मूळ दस्तऐवज या कार्यालयास सादर करावा.’

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं. ‘मूळ दस्तऐवजावर शाळेचे छप्पर उभे असल्याने तो पाठवता येत नाही. कृपया पाहणीस यावे.’ ते वाचून दाखवताना त्यांचा आवाज हसण्यानं फुटत होता.

वरिष्ठ खरंच आले. भिंतीपुढे अर्धा तास उभे राहिले आणि जाताना प्रत्येक नळापुढच्या माणसाचं नाव विचारून गेले. मंजुरी आली. इन्स्पेक्शनला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांनी हेडमास्तरांना मेमो दिला, तो मात्र कोणालाच टाळता आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पाणी सुटलं त्या दिवशी पहिल्यांदा आलं ते बौद्धवाड्यात. गयाबाईनं घागर भरली, ओतून दिली, पुन्हा भरली. बाबारावांच्या गल्लीत ते तिसऱ्या दिवशी चढलं.

मी पुढे वीस वर्षं अशा सभा काढल्या. शिकले ते एवढंच: ठराव वाचून दाखवला तर लोक मान हलवतात. चित्र काढलं तर म्हणतात, चुकलंय. आणि सभेत कोणी ‘चुकलंय’ म्हणालं की समजावं, आता कुठे सभा सुरू झाली.